हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरची औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठोका चुकतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका ठिणगीने सुरू होतो. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. विश्रांतीत तो मिनिटाला ६० ते १०० वेळा ठिणगी सोडतो. ठिणगी वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, मध्ये एव्ही नोड नावाच्या पेशींच्या नाक्यापाशी सुमारे एक दशांश सेकंद थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. हा थबका फार मोलाचा आहे, कारण वरचं रक्त खाली उतरायला तेवढाच अवधी मिळतो.

बिघाड मुख्यतः दोन तऱ्हेचा. एक, भलतीच पेशी मधेच ठिणगी टाकते. दुसरा, ठिणगीला चकवा लागतो. रानात चकवा लागलेला माणूस जसा फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, तशी वीज एकाच वाटेवर गरगर फिरत राहते आणि दर फेरीला एक ठोका पडतो. एसव्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या वर उगम असलेली अचानक सुरू होणारी धडधड, यात नाडी एकाएकी १८० वर जाते ती बहुधा यामुळेच. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे बोलीतलं एएफ, यात वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० इतक्या विस्कळीत लहरी उठत असतात. एव्ही नोड त्यांतल्या काहीच खाली सोडतो, तेही बेताल. म्हणून नाडी हाताला कसलाच ठेका लागू देत नाही.

कधीतरी एखादा जादा ठोका पडतो आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला असतो, अशांना बहुतेक वेळा औषध लागतच नाही. हे ऐकून रुग्णाची निराशा होते, पण उत्तर बरोबर असतं.

मग गोळी काय करते? हृदय दुरुस्त करते का?

नाही. गोळी विजेची वागणूक बदलते, तीही अंगात आहे तोवरच. पेशीच्या पातळ आवरणात सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमची सूक्ष्म दारं असतात. सोडियम आत शिरला की ठिणगी पेटते, पोटॅशियम बाहेर पडला की पेशी विसावते आणि पुढच्या ठिणगीला तयार होते. ऑक्सफर्डच्या व्हॉन विल्यम्स यांनी १९७० मध्ये औषधांची जी विभागणी मांडली, ती याच दारांवर उभी आहे आणि आजही वॉर्डात तीच भाषा चालते.

पहिला वर्ग सोडियमचं दार अडवतो, म्हणजे ठिणगीचा वेग कमी करतो : फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन, मेक्सिलेटिन, लिग्नोकेन. (हे लिग्नोकेन म्हणजे दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला देतात तेच. मज्जातंतूतही सोडियमचीच दारं असतात.) दुसरा वर्ग बीटा ब्लॉकरचा : मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल. ते ॲड्रिनलिनचा चाबूक हृदयापर्यंत पोचू देत नाहीत. तिसरा वर्ग पोटॅशियमचं बाहेर पडणं लांबवतो : ॲमिओडॅरोन, सोटॅलॉल. पेशीचा विसावा लांबतो, आणि चकव्यात फिरणारी वीज वळसा घालून परत येते तेव्हा पुढची पेशी अजून जागी झालेली नसते. फेरी तिथेच तुटते. चौथा वर्ग, व्हेरापॅमिल आणि डिल्टियाझेम, कॅल्शियमचं दार अडवतो. एव्ही नोड कॅल्शियमवर चालतो, म्हणून तिथली वाहतूक मंदावते. डिगॉक्सिन आणि ॲडेनोसिन या चौकटीत बसत नाहीत.

ही चौकट फार शिस्तीची समजू नये. एकटं ॲमिओडॅरोन चारही वर्गांचं काम थोडंथोडं करतं.

शेजाऱ्यांनाही एएफच आहे, त्यांची गोळी वेगळी का?

कारण पहिला निर्णय औषधाचा नसतो, धोरणाचा असतो. लय तशीच बेताल राहू द्यायची आणि फक्त वेग आटोक्यात ठेवायचा, हा एक मार्ग. लय मूळपदावर आणायची, हा दुसरा. २००२ च्या अफर्म अभ्यासात दोन्ही मार्गांनी जगण्या-मरण्याचा हिशेब जवळपास सारखाच निघाला, म्हणून बरीच वर्षं वेग आवरण्यावर भर होता. २०२० च्या ईस्ट अभ्यासाने चित्र थोडं पालटलं : निदान होऊन वर्षही झालेलं नसताना लय सुधारायचा प्रयत्न केला तर पक्षाघात आणि हृदयाचे इतर गंभीर प्रसंग कमी होतात. त्यामुळे आज नव्या रुग्णाला लयीचं औषध किंवा ॲब्लेशन (शिरेतून नळी घालून बिघडलेला भाग निकामी करणं) लवकर सुचवलं जातं, तर दहा वर्षं एएफ असलेल्या आणि वरचा कप्पा फुगलेल्या आजोबांना वेग आवरणंच पुरतं. विश्रांतीत ठोके ११० च्या आत असले आणि त्रास नसला तर बहुतेकांना चालतं. ८० चा हट्ट धरायची गरज नसते.

दुसरा निकष हृदयाच्या स्नायूचा. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या लोकांना जादा ठोके थांबवायला फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड देऊन पाहिलं होतं. ठोके थांबले, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. १९८९ मध्ये कास्ट नावाच्या त्या चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. तेव्हापासून ब्लॉकेज, जुना ॲटॅक किंवा कमजोर पंपिंग असलेल्याला फ्लेकेनाइड देत नाहीत. पंपिंग कमी असेल तर व्हेरापॅमिल आणि डिल्टियाझेमही नकोत. तिथे बीटा ब्लॉकर, डिगॉक्सिन, ॲमिओडॅरोन एवढेच पत्ते हातात उरतात.

बीटा ब्लॉकर सुरू झाल्यापासून जिना चढताना दम लागतो. बंद करू का?

एकाएकी नको. हृदयाने चाबकाची सवय सोडलेली नसते, उलट तो झेलायला जादा जागा तयार करून ठेवलेली असते. गोळी अचानक थांबली की धडधड, छातीत दुखणं, बीपी असं सगळं उसळून येतं. एक-दोन आठवड्यांत उतरत्या डोसने थांबवतात. दमा असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर घसरल्यावर होणारी धडधड आणि थरथर ही गोळी झाकते, घाम मात्र येतो. म्हणून कारण नसताना दरदरून घाम फुटला की आधी ग्लुकोमीटर काढायचा.

पाकिटावर सक्सिनेट आणि एक्सआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी मेटोप्रोलॉलची गोळी खाचेवर अर्धी करता येते. पण तिची पूड करून पेजेत कालवली तर दिवसभराचा डोस तासाभरात अंगात उतरतो. नळीतून अन्न घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत ही चूक सर्रास होते.

व्हेरापॅमिल आणि बीटा ब्लॉकर एकत्र नकोच. दोघंही एव्ही नोडवर बसतात आणि नाडी ३५-४० वर येऊन माणूस कोसळू शकतो. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांतून ही जोडी जमते, म्हणून दोन्ही चिठ्ठ्या एकाच केमिस्टला दाखवाव्यात.

डिगॉक्सिन शनिवार-रविवार बंद ठेवायला का सांगतात?

ही पद्धत आपल्याकडे खूप रुळलेली आहे. कारण असं, की उपयोगाचा डोस आणि विषाचा डोस यांच्यात इथे फार अंतर नाही. हार्ट फेल्युअरमध्ये रक्तातली पातळी मिलिलीटरला ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम ठेवतात आणि २ च्या वर विषबाधेची भीती असते. ०.२५ मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस घेतली की रोजची सरासरी ०.१८ पडते, म्हणजे डोस कमी करण्याचाच तो मार्ग. पण मूत्रपिंड चांगलं असलेल्या माणसात औषध साधारण ३६ तासांत निम्मं होतं. शुक्रवार सकाळ ते सोमवार सकाळ ७२ तास, म्हणजे पातळी जवळजवळ पावपट. आमच्या मते रोज ०.१२५ घेणं जास्त सरळ, सोमवार-मंगळवारचा हिशेबही डोक्यात ठेवावा लागत नाही. मात्र डॉक्टरांनी सुट्टीची पद्धत ठरवली असेल तर ती आपल्या मनाने बदलू नका.

विषबाधा ओळखायची खूण : आधी अन्नावरची वासना जाते, मळमळतं, मग दिवे पिवळसर-हिरवट दिसू लागतात, नाडी मंदावते. हे बहुतेकदा जुलाब-उलट्यांनंतर, नाहीतर लघवी वाढवणाऱ्या गोळीने पोटॅशियम उतरल्यावर घडतं. पोटॅशियम कमी असेल तर डिगॉक्सिन जास्त घट्ट चिकटतं, त्यामुळे पातळी 'नॉर्मल' असूनही विषबाधा होऊ शकते.

ॲमिओडॅरोनला सगळे इतकं का घाबरतात?

कारण ते सगळ्यांत जास्त काम करतं आणि सगळीकडे जातं. चरबीत साठतं, म्हणून भरायला वेळ लागतो आणि उतरायलाही. बंद केल्यावर निम्मं व्हायला सरासरी ५० दिवसांच्या आसपास लागतात, काहींत तीन महिन्यांपर्यंत. म्हणून सुरुवातीला टाकी भरून घेतात : २०० मिलिग्रॅमची गोळी एक आठवडा दिवसातून तीनदा, दुसऱ्या आठवड्यात दोनदा, मग रोज एक. काही डॉक्टर पुढे अर्धीवरही आणतात. तीनदाचा काळ संपल्यावर चिठ्ठी न बदलता तसंच महिनोन् महिने चालू राहणं हा सर्रास होणारा घोळ आहे. तारखा पाकिटावर पेनने लिहून ठेवा.

वजनाच्या ३७ टक्के आयोडीन असल्याने एका २०० च्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. माणसाची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम. त्यामुळे थायरॉइड मंदावतो नाहीतर भडकतो. मंदावला तर थायरॉक्सिन जोडून ॲमिओडॅरोन चालू ठेवता येतं. भडकला तर प्रकरण अवघड : वजन उतरतं, आटोक्यात आलेली धडधड परत येते आणि घरच्यांना वाटतं डोस कमी पडला.

सुरू करण्याआधी आणि मग दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या, वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे. कोरडा खोकला आणि वाढता दम यांकडे 'हवा बदलली' म्हणून काणाडोळा करू नका. फुप्फुसाला सूज येणं हा या औषधाचा सगळ्यांत घातक दुष्परिणाम आहे. डोळ्यांच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर (कॉर्नियावर) सूक्ष्म थर जवळजवळ प्रत्येकालाच येतो. रात्री दिव्याभोवती कडं दिसतं, पण नजर सहसा जात नाही. ऊन मात्र बाधतं. शेतावर किंवा होडीवर काम असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन. अनेक वर्षं घेतलं तर उघडी त्वचा निळसर-राखी पडू शकते.

सोबत वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) असेल तर त्याचा डोस ३० ते ५० टक्के कमी करावा लागतो. हा परिणाम हळूहळू, काही आठवड्यांत चढतो, म्हणून तोवर दर आठवड्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी. डिगॉक्सिन असेल तर ते निम्मं. कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन असेल तर २० मिलिग्रॅमच्या वर नाही.

इमर्जन्सीत एक इंजेक्शन दिलं आणि क्षणभर मेल्यासारखं वाटलं. ते काय होतं?

ॲडेनोसिन. एसव्हीटीसाठी दिलं जातं आणि रक्तात दहा सेकंदही टिकत नाही. म्हणून ते देण्याची रीत औषधाइतकीच महत्त्वाची. कोपराच्या खोबणीतली ठसठशीत शीर, तिथे रुंद व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली नळी), आधी ६ मिलिग्रॅम एका झटक्यात आणि पाठोपाठ २० मिलिलीटर सलाइन तितक्याच जोराने, हात वर उचलून. मनगटाच्या बारीक शिरेतून सावकाश दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आत संपतं आणि 'औषध लागू पडलं नाही' असं केसपेपरवर लिहिलं जातं. एक-दोन मिनिटांत फरक नाही पडला तर १२ मिलिग्रॅम.

औषध एव्ही नोड काही सेकंद पूर्ण बंद करतं. ईसीजीच्या कागदावर सरळ रेघ येते, छाती आवळते, चेहरा तापतो, आता संपलं असं वाटतं. मग एक ठोका, दुसरा, आणि ठेका परत. रुग्णाला हे आधी सांगायला हवं. चहा-कॉफी औषधाचा जोर कमी करतात, दम्याचं थिओफिलिन जवळपास बोथट करतं. दम्याचा झटका चालू असेल तर ॲडेनोसिन टाळतात.

त्याआधी औषधाविना एक उपाय करून पाहतात. अर्धवट बसून १० मिलिलीटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, लगेच उताणं झोपवून कुणीतरी दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायचे. २०१५ च्या रिव्हर्ट चाचणीत याने ४३ टक्के लोकांची लय परतली, नुसतं बसून फुंकणाऱ्यांत १७ टक्के.

'खिशातली गोळी' म्हणजे काय?

कधीमधी येणाऱ्या एएफसाठी रोज औषध न घेता झटका आल्यावरच एक मोठा डोस घ्यायचा. वजन ७० किलोच्या खाली असेल तर फ्लेकेनाइड २०० मिलिग्रॅम, वर असेल तर ३००. प्रोपाफेनोन अनुक्रमे ४५० आणि ६००. त्याच्या अर्धा तास आधी ठरवून दिलेली बीटा ब्लॉकर किंवा डिल्टियाझेमची गोळी. ही पायरी गाळू नका. फ्लेकेनाइडने विस्कळीत लहरी संथ आणि एकसारख्या होतात, आणि मग एव्ही नोड त्यातली प्रत्येक खाली सोडू शकतो. वेग कमी व्हायच्या ऐवजी २०० च्या पुढे जातो. पहिला डोस रुग्णालयात, मॉनिटर लावूनच. घरी घेतल्यावर चार तास आडवं राहायचं, आणि २४ तासांत दुसरा डोस नाही.

लय सुधारणाऱ्या औषधानेच लय बिघडू शकते?

हो, आणि हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. सोटॅलॉलसारखं औषध पेशीचा विसावा लांबवतं, ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर वाढतं. ते ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं तर टॉर्साड नावाची जीवघेणी लय सुरू होऊ शकते. शुद्ध हरपते, कधी आपोआप परत येते, कधी नाही. म्हणून सोटॅलॉल शक्यतो रुग्णालयात तीन दिवस ईसीजी पाहत सुरू करतात आणि क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं) असेल तर डोस कमी करतात. टॉर्साडवर पहिलं औषध शिरेतून २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट.

घरातला धोका वेगळाच असतो. ॲसिडिटीची म्हणून सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी कॅप्सूल बऱ्याचदा पँटोप्रॅझोल आणि डॉमपेरिडोनची जोडी असते, आणि डॉमपेरिडोन क्यूटी वाढवतं. घसा धरला की ॲझिथ्रोमायसिन, लघवीच्या जळजळीला लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीला ऑनडॅनसेट्रॉन, नायट्याला फ्लुकोनॅझोल, सगळ्यांचं तेच. सोटॅलॉल किंवा ॲमिओडॅरोन चालू असेल तर केमिस्टकडून परस्पर घेऊ नका. त्यात जुलाब लागून पोटॅशियम उतरलेलं असेल तर धोका आणखी वाढतो. सर्दीच्या गोळीतलं फेनिलेफ्रिन क्यूटी वाढवत नाही, पण बीपी चढवतं आणि धडधडही होऊ शकते.

लय सरळ झाली, आता रक्त पातळ करायची गोळी थांबवू?

ती गोळी लयीसाठी नाहीच. एएफमध्ये वरचा कप्पा नुसता थरथरतो, डाव्या बाजूच्या छोट्या खिशात रक्त साकळतं, गुठळी मेंदूत जाते. पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट होते. निर्णय वय, बीपी, मधुमेह, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार आणि आधीचा पक्षाघात यांवर ठरतो, आजच्या ईसीजीवर नाही. शॉक देऊन लय आणली असली तरी पुढे निदान चार आठवडे गोळी लागतेच.

आपल्याकडची एक खास बाब : लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आकसलेली असेल आणि एएफ असेल, तर वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉलच, आयएनआर २ ते ३. भारतातल्याही रुग्णांचा समावेश असलेल्या २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हरॉक्सॅबॅन हे रक्त पातळ करणारं नवं औषध त्यांच्यापुढे कमी पडलं. कृत्रिम यांत्रिक (मेकॅनिकल) झडप बसवलेली असेल तरीही नवी औषधं चालत नाहीत. इतरांना ॲपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन सोयीची. डॅबिगॅट्रॅनची कॅप्सूल फोडून घेऊ नका, औषध गरजेपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं.

खाण्यापिण्यात पथ्य काय? उपास चालतो का?

वॉरफरिनवर असाल तर मेथी-पालक बंद करायची नाही, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं. रिव्हरॉक्सॅबॅनची १५ आणि २० ची गोळी भरल्या पोटी लागते. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर घेतली तरी चालेल, निर्जळी मात्र नको. ग्रेपफ्रूट टाळा. त्याचं भावंड पपनस, गणपतीत घरोघरी येतं, त्यातही औषध जिरवणारं एन्झाइम अडवणारी द्रव्यं असतात. ॲमिओडॅरोन किंवा व्हेरापॅमिल चालू असेल तर प्रसादाच्या फोडीवर थांबा, वाटीभर खाऊ नका. घसा बसला म्हणून रोज ज्येष्ठमध चघळणं नको, त्याने पोटॅशियम उतरतं.

गोळी घ्यायची राहिली तर?

दोन एकदम कधीच नाही. दिवसातून दोनदाच्या ॲपिक्सॅबॅन-डॅबिगॅट्रॅनला सहा तासांच्या आत आठवलं तर घ्या, रोज एकदाच्या रिव्हरॉक्सॅबॅनला बारा तासांच्या आत. त्यापुढे सोडून द्या. सोटॅलॉल आणि फ्लेकेनाइडची राहून गेली तर सरळ पुढच्या वेळेलाच. ॲमिओडॅरोनची एक चुकली तर काही बिघडत नाही, अंगात साठा असतो.

घरी नाडी कशी मोजायची?

पाच मिनिटं बसून, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं, पूर्ण एक मिनिट. एएफमध्ये १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा हमखास चुकतो. काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून शक्य असेल तर डाव्या छातीवर हात ठेवून मोजा. बीपीच्या मशीनवरचा आकडा एएफमध्ये एकदा पाहून धरू नका, तीन वेळा घेऊन सरासरी काढा. नाडी ५० च्या खाली आणि चक्कर, किंवा विश्रांतीतही १२० च्या वर राहत असेल तर त्याच दिवशी फोन.

केव्हा थेट निघायचं?

शुद्ध हरपली, छातीत दुखतंय, बसल्याजागी दम लागतोय, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळतंय तर १०८. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. निघताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत टाका, ॲसिडिटीची आणि आयुर्वेदिक धरून. जुना, लय ठीक असतानाचा ईसीजी असेल तर तोही घ्या. त्यात वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट नावाची जन्मजात जादा वायर दिसत असेल तर व्हेरापॅमिल, डिगॉक्सिन ही नेहमीची औषधं एएफमध्ये घातक ठरतात, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला ते त्या कागदावरूनच कळतं.